वरच्या केंद्रावर रावस

कोंडसरला बसवलेल्या यंत्राचं सरकारी नाव 'जलजनुक निरीक्षक' असं होतं. गावाने आठवडाभरात त्याचं 'चहाडखोर' केलं. नावं ठेवण्यात कोकणी माणसाचा हात कोणी धरणार नाही हे खरं, पण हे नाव यंत्राने स्वतःच्या कर्तबगारीवर मिळवलं होतं.

तसं ते आलं होतं देवीच्या माशांसाठी. जोगती नदी गावाजवळ वळण घेते तिथे तिच्या पात्रात एक खोल डोह आहे, कोंडजाईचा कोंड. त्यातले महसीर मासे देवीचे. त्यांना कधी कोणी गळ लावला नाही की जाळं टाकलं नाही. उलट नवस फेडायला येणारे कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे सोनेरी मासे तोंडं उघडून वर येतात. दिसायला सगळं छान. पण गेली कित्येक वर्षं त्या डोहात लहान मासा कोणाच्या दृष्टीस पडला नव्हता. डोहाची अवस्था गावासारखीच झाली होती. म्हातारी मंडळी तेवढी शिल्लक आणि पोरंबाळं दिसायची नाहीत.

कारण साधं होतं. महसीर डोहात राहतो, पण अंडी तिथे घालत नाही. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोट्यांच्या उथळ, थंड, खळाळत्या पाण्यात अंडी सोडतो. आणि कोंडाच्या वरच्या अंगाला जुना बंधारा होता. तो आता गाळाने गळ्यापर्यंत भरला होता, शेतीला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण नदीत आडवा पडून होता. दर आषाढात मासे त्याच्यावर उड्या घेत आणि भिंतीवर आपटून खाली पडत.

तो आवाज मनोहर टिपणीसांना ऐकवत नसे. टिपणीसकाका हे कोंडजाई देवस्थानाचे अध्यक्ष. महाडच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेले, आणि जन्मभर पोरांच्या चुका काढल्यामुळे आपलीही एखादी चूक होऊ शकते हे साफ विसरून गेलेले. माणूस हट्टी होता, मिरवण्याची हौस होती, पण माशांवरचा जीव खरा होता. पावसात छत्री घेऊन बंधाऱ्यावर उभे राहत आणि मासा भिंतीवर आपटला की "आई गं" म्हणून स्वतःच कळवळत. नदी पुनर्जीवन मंडळाच्या दारात खेटे घालून हा प्रकल्प त्यांनीच गावात आणला.

मंडळाचं म्हणणं सरळ होतं. बंधाऱ्याच्या खाली एक आणि वर एक अशी दोन केंद्रं बसवायची आणि दोन पावसाळे पाहायचं. वरच्या केंद्रावर महसीर सापडला नाही, तर बंधारा अडथळा आहे हे सिद्ध झालं. तो मधोमध कापून माशांना वाट करून द्यायची. सापडला, तर मासे आपले आपण चढताहेत, बंधाऱ्याला हात लावायचं कारण नाही.

यंत्र उत्तरेकडच्या थंड मुलखातून आलेलं. तिकडे सालमन नावाचा मासा समुद्रातून नदीत चढून अंडी घालतो; त्याची हजेरी घ्यायला ते बनवलेलं. बसवायला आली डॉ. तेजल गावंड. उरणकडची मुलगी, माशांच्या शास्त्रात डॉक्टरेट केलेली आणि गुडघाभर चिखलात उभी राहून मजेत वडापाव खाणारी. तिने देवळाच्या सभामंडपात सगळ्यांना समजावून सांगितलं.

"कुठलाही प्राणी पाण्यात शिरला की स्वतःचं थोडं थोडं मागे सोडून जातो. एखादा खवला, कातडीचा कण, अंगावरचा बुळबुळीतपणा, विष्ठा. त्या प्रत्येक कणात त्याचा डीएनए असतो. यंत्र पाणी ओढतं, बारीक गाळणीतून गाळतं, डीएनएचा चिमूटभर तुकडा घेऊन त्याच्या लाखो प्रती काढतं आणि आपल्याजवळच्या यादीशी ताडून बघतं. प्रत्येक जातीची खूण वेगळी. मासा दिसायला नको, पकडायला नको. नुसता येऊन गेला तरी पाणी सांगतं."

"म्हंजे पानी चाखून वळखतंय," रघुनाथ साळेकर म्हणाला. पालखीत देवीच्या डोक्यावर छत्री धरण्याचा मान साळेकरांच्या घराण्यात होता, त्यामुळे सभेत पहिलं बोलण्याचाही तो आपलाच समजे.

"अगदी तसंच," तेजल म्हणाली. "आणि रोज आरतीनंतर देवळाच्या भोंग्यावरून मराठीत वाचूनही दाखवेल. फक्त मुख्य माशाचं मराठी नाव आपण भरायचंय. मूळ यंत्रात तिथे सालमन आहे."

"सालमन म्हणजे रावस," टिपणीसकाका म्हणाले. "लिहा."

तेजल हसली. "काका, रावस समुद्रातला. हॉटेलवाले त्याला इंडियन सालमन म्हणतात, तेवढाच त्यांचा संबंध. मी त्या जागी महसीरची खूण घातलीय. आपण महसीरच लिहू या ना."

"महसीर हा शब्द तुम्हाला मराठी वाटतो?"

"मग देवमासा लिहू."

"देवमासा म्हणजे व्हेल. उद्या पेपरात येईल, कोंडसरच्या डोहात व्हेल." काकांनी चष्मा पुसला. वर्गात चर्चा संपली हे सांगायची त्यांची ही जुनी रीत होती. "यंत्र सालमनचं. सालमनला मराठीत रावस. यंत्र खूण बघणार, नाव आपलं. लिहा."

तिने लिहिलं. यंत्राच्या भल्यामोठ्या यादीत समुद्रातला खरा रावसही आधीपासून होता, त्याच नावाने. यंत्राला दोघांतला फरक चोख कळत होता. दोन मासे, दोन खुणा, आणि त्यांचा मूळ अहवाल प्रयोगशाळेतून दिवाळीला यायचा. भोंग्यावर मात्र दोघांना एकच शब्द मिळाला. पण डोंगरातल्या नदीत समुद्रातला रावस कुठून यायचा, म्हणून तेजलनेही फार ताणून धरलं नाही.

*

पहिल्याच श्रावणात यंत्राने आपला गुण दाखवला. संध्याकाळची आरती झाली, भोंगा खरखरला आणि एक गोड बायकी आवाज वाचू लागला, "खालचे केंद्र. रावस, बेडूक, पाणसाप, म्हैस, बोंबील."

गाव हसत सुटलं. टिपणीसकाका हसले नाहीत. त्यांनी चौकशी लावली. बोंबलाचा माग साळेकरांच्या घाटापर्यंत लागला आणि रघुनाथने मुकाट कबूल केलं, मेव्हणा आला होता, त्याच्यासाठी केले.

"श्रावणात? देवीच्या माशांच्या डोळ्यांदेखत?" असं म्हणत काकांनी त्याचा छत्रीचा मान काढून घेतला. तेवढ्यावर थांबते तर ते टिपणीसकाका कसले. पुढच्या वर्षापासून श्रावणभर गावात कोणी मासळी खायची नाही असं व्रत त्यांनी जाहीर केलं आणि कोंडाचं पाणी ओंजळीत घेऊन सर्वांत आधी स्वतः शपथ घेतली. टाळ्या चांगल्या झाल्या. टाळ्यांपायी माणूस काय काय कबूल करतो याला सुमार नाही.

पुढचा श्रावण आला. नारळी पौर्णिमेनंतर होड्या समुद्रात गेल्या आणि श्रीवर्धनला दिलेल्या लेकीच्या नवऱ्याने दरवर्षीप्रमाणे सासऱ्यांची आठवण ठेवली. टिपणीसांच्या अंगणात टपालाचं ड्रोन उतरलं. थंड डब्यावर जावयाने शहाणपणाने 'औषधे' असं लिहिलं होतं. आत दीड हात लांबीचा, ताजा, चांदीसारखा रावस.

कुमुदकाकूंनी डबा उघडून पाहिला आणि नवऱ्याकडे पाहिलं. "परत पाठवू की साळेकरांना देऊ?"

काका बराच वेळ डब्याभोवती घुटमळले. "वाया घालवणं हेही पापच आहे," ते शेवटी म्हणाले. "आणि डॉक्टर म्हणालेत प्रथिनं घ्या."

"डॉक्टर डाळ म्हणाले होते."

"डाळीने वायू होतो."

काकूंनी पदर खोचला. "हे बघा, शपथ तुम्ही घेतलीत, मी नाही. मी खाणार आहे, उघड खाणार आहे. तुमचं व्रत तुम्ही आपल्या हाताने मोडा. मी शिजवीन. साफ मात्र तुम्ही करायचा."

नेहमी काकू माशाचं पाणी मागच्या लिंबाच्या बुंध्याशी ओतत. काकांना ही बायकी अक्कल कुठून असायची? दार लावून, मोरीत बसून त्यांनी मासा खवलला, कापला, तीनदा धुतला आणि सगळं लाल पाणी आनंदाने मोरीतच ओतून दिलं. मोरीचं पाणी पन्हळीतून ओढ्यात, ओढा दहा पावलांवर नदीत, आणि नदीत तिथेच जरा खाली, बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, यंत्राचं वरचं केंद्र.

पहिल्या दिवशी तुकड्या तळल्या. दुसऱ्या दिवशी चिंच-कोकमाचं सार झालं. "देवी माफ करेल," असं काका बोटं चाटत म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांची तशी खात्रीही होती.

*

त्याच संध्याकाळी आरती आटोपून काका पायरीवर बसले होते. भोंगा खरखरला.

"वरचे केंद्र. खेकडा, बेडूक, बगळा, रावस."

देवळात एकच गलका झाला. दोन पावसाळ्यांत वरच्या केंद्रावर हा शब्द पहिल्यांदा आला होता. मासे बंधारा चढले. देवी पावली. कोणी घंटा बडवली, कोणी गुळाची ढेप फोडली. बायकांनी एकमेकींना हळद-कुंकू लावलं. टिपणीसकाकांच्या गळ्यात कोणीतरी हार घातला आणि त्यांनी तो घालून घेतला. रावसाची चव अजून जिभेवर होती.

दुसऱ्या दिवशीही भोंग्यावर तेच. डोक्याचं सार व्हायचं होतं ते काकांनी तसंच टाकलं, पण भांडी घासली गेलीच.

तेजल महाडहून मोटारसायकल दामटत आली ती थेट टिपणीसांच्या ओटीवर. बरोबर अर्धा गाव, पुढे रघुनाथ. ती आनंदाने फुलली होती, पण शास्त्रज्ञाला आनंदातही किडा वळवळतो.

"काका, राग मानू नका, पण विचारते. वरच्या केंद्राच्या वर घर फक्त तुमचं. कोणी चुकून खरा रावस तर नाही ना धुतला? समुद्रातला?"

काकांनी तोंड उघडलं. पण त्यांच्याआधी रघुनाथच कडाडला.

"अवो मॅडम, काय बोलताव! बोंबलापायी ज्या मानसानी माजी छत्री काढली, त्याच्या घरात श्रावनात रावस? सूर्य पश्चिमेला उगवंल, पन ह्ये न्हाय व्हायचं."

तेजलने जीभ चावली. "सॉरी काका. विचारायलाच नको होतं."

"असू दे, असू दे," काका म्हणाले. ते दोन शब्द तोंडातून निघाले मात्र, आणि त्यांना कळलं की आपण आता पुरते अडकलो. स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज झाला. काकू ऐकत होत्या.

त्या दिवशी दुपारी मंडळाचे उपसंचालक सरनोबत यांचा फोन आला. आवाजात पेढे वाटल्याचा आनंद. "टिपणीससाहेब, अभिनंदन. मासे चढले, बंधारा आहे तिथेच. काहीएक न करता यश. असा प्रकल्प आमच्या मंडळात आजवर झाला नाही. सोमवारी येतो, ठराव करू आणि फाइल बंद."

"पण मूळ खुणांचा अहवाल यायचाय ना प्रयोगशाळेतून?" काकांनी चाचरत विचारलं.

"तो दिवाळीला येतो हो. एकदा फाइल बंद झाली की तो कोण उघडतंय."

काकांनी फोन ठेवला आणि ते बंधाऱ्यावर जाऊन उभे राहिले. पाऊस होता, पाणी गढूळ होतं. खाली डोहातून एक मोठा मासा उसळला, भिंतीच्या निम्म्यापर्यंत आला आणि आपटून मागे गेला. थोड्या वेळाने पुन्हा. तोच असावा. काका त्या दिवशी "आई गं" म्हणाले नाहीत. त्यांना स्वतःची लाज वाटत होती.

घरी येऊन ते झोपाळ्यावर बसले. काकूंनी चहा पुढे ठेवला.

"खाई त्याला खवखवे," काकू म्हणाल्या.

"मी सांगितलं तर काय होईल ठाऊक आहे? ज्या गावाला मी शपथ घ्यायला लावली, ते गाव माझ्या तोंडावर हसेल. साळेकर तर पालखीपुढे नाचेल."

"आणि नाही सांगितलं तर?"

"बंधारा राहील." काकांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला. "डोहातले म्हातारे मासे एकेक करून मरतील. मग रिकाम्या डोहात कुरमुरे टाका."

काकूंनी हलणारा झोपाळा हाताने थांबवला. मग म्हणाल्या, "माझ्या नावावर खपवा. खोटंही नाही. मी खाल्लाच आहे, आणि मी शपथ घेतली नव्हती. चार बायका चार दिवस बोलतील. नवऱ्यांचं एवढं केल्याशिवाय का आमचा संसार झाला?"

काकांनी चटकन वर पाहिलं. खरं सांगायचं तर त्यांना हायसं वाटलं. इतकं हायसं वाटलं की त्यांनी थंड झालेला चहा एका घोटात संपवला. काकूंनी ते पाहिलं, आणि कप विसळायला घेऊन गेल्या.

*

सोमवारी सभामंडप भरला होता. सरनोबत कडक इस्त्रीत आले होते. त्यांनी नदीवर भाषण केलं, माशांवर केलं, आणि दोन्हींपेक्षा जास्त मंडळावर केलं. तेजलने पडद्यावर आलेख दाखवला. मग शाल आणि नारळ. 'नदीरक्षक' म्हणून टिपणीसकाकांचा सत्कार, आणि लगेच ठराव. सरनोबतांनी पेनाचं टोपण काढून ठेवलेलंच होतं.

काका शाल सावरत उभे राहिले. "ठरावाआधी एक सांगायचंय," ते म्हणाले. वर्ग गाजवणारा आवाज आज कुठे गेला होता कोण जाणे. "तो रावस... म्हणजे वरच्या केंद्रावरचा... तो आमच्या मोरीतून गेलेला आहे."

मंडपात कोणालाच नीट उमगलं नाही. रघुनाथने कपाळाला आठ्या घातल्या. "मोरीतून? म्हंजे तुमच्या घरात कोनी रावस खाल्लान? श्रावनात?" आणि काकांच्या घरात खुद्द काकांनी खाल्ला नसेल तर कोणी खाल्ला, हा हिशेब सगळ्यांच्या डोक्यात एकदमच झाला. साऱ्या माना बायकांच्या बाजूला वळल्या. कुणीतरी "अगबाई, कुमुदवहिनी?" असं पुटपुटलं.

कुमुदकाकू उठून उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर सारखा करून त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कटकट नव्हती. घरातलं आणखी एक काम उरकायला निघाल्यासारख्या उभ्या होत्या. माझी घाण आवरायला ही बाई किती सवयीने उभी राहिली, असं काकांना वाटलं, आणि ते फार लागलं.

"तू बस," ते म्हणाले. आता मात्र आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "मी खाल्ला. साफ मी केला, पाणी मोरीत मी ओतलं, आणि शपथ घेतलेली असताना बोटं चाटून मी खाल्ला."

सरनोबतांचं पेन खाली पडलं. ते रायगडातले नव्हते आणि मासेही खात नव्हते. रावस म्हणजे देवीचा मासा एवढंच त्यांना अहवाल वाचून ठाऊक होतं. "टिपणीस! संरक्षित जात आहे ती! तुम्ही देवीचा मासा खाल्लात?"

"अहो, तो रावस नव्हे. रावस! समुद्रातला!"

"मग वर चढला तो कोणता?"

"तोच. म्हणजे तो चढलाच नाही. ड्रोनने आला."

सरनोबत तेजलकडे पाहू लागले. तेजल टेबलाची कड धरून उभी होती आणि हसू दाबता दाबता तिचे डोळे भरून आले होते. काकांनी शाल काढून टेबलावर ठेवली. आता उरलेलं बोलणं आणखी अवघड होतं.

"चूक शब्दाची आहे. डोहातल्या माशाला रावस हे नाव मी दिलं. या मुलीने तेव्हाच सांगितलं होतं की रावस वेगळा. मी ऐकलं नाही. एका शब्दाचे दोन मासे झाले. माझं..." ते थांबले. "माझं मराठी चुकलं."

व्रत मोडल्याची कबुली त्यांनी एका दमात दिली होती. ही देताना दोनदा घसा खाकरावा लागला. समोर त्यांचेच दोन-तीन माजी विद्यार्थी बसले होते, त्यांनी एकमेकांना कोपरं मारली.

पहिलं हसू रघुनाथला फुटलं. मग मंडप असा काही हसला की घंटा झुलायचीच तेवढी राहिली. काका मान खाली घालून उभे राहिले. हसू ओसरल्यावर रघुनाथ डोळे पुसत उठला.

"सायेब, ठराव फाडा," तो सरनोबतांना म्हणाला. "बंदारा कापायचा हाय. मासं चढलं न्हाईत, ह्ये आता आमचं अध्यक्षच बोलतात. मानूस गावाम्होरं सोताच्या तोंडाला काळं फासून घेतो त्यो खोटं कशाला सांगंल?" मग काकांकडे वळून म्हणाला, "आन् छत्रीचं काय?"

"तुझी छत्री तुला," काका म्हणाले. "अध्यक्षपदही ने."

"त्ये बी नेतो," रघुनाथ म्हणाला, आणि खरोखरच नेलं.

घरी जाताना काकू दोन पावलं पुढे चालत होत्या. फाटकाशी आल्यावर म्हणाल्या, "बसवलंत मला."

"हो."

"तीस वर्षांत पहिल्यांदा." एवढं म्हणून त्या आत गेल्या आणि त्यांनी डाळीला फोडणी दिली. काका ती वायूचं नावही न काढता जेवले.

*

उन्हाळ्यात बंधाऱ्याच्या मधोमध खाच पाडली गेली आणि तिच्यात दगडांची उतरण रचली, माशांना दम घेत चढता येईल अशी. वरच्या गोट्यांवरचा गाळ पहिल्याच पुराने वाहून नेला. तेजलने यंत्रात 'महसीर' हा शब्द भरला, आणि भरण्याआधी मुद्दाम काकांना विचारलं. काका म्हणाले, "तुम्ही म्हणाल तो."

पुन्हा श्रावण आला. आरती झाली. काका आता मागच्या रांगेत बसत.

"वरचे केंद्र," भोंग्यावरचा गोड आवाज म्हणाला. "बेडूक, खेकडा, महसीर."

घंटा वाजली नाही. गूळ फुटला नाही. सगळं देऊळ हळूहळू मागे वळलं आणि टिपणीसकाकांकडे पाहू लागलं. गेल्या खेपेला यांच्या मोरीतून गेलेला मासा निदान समुद्रातला होता. या खेपेला यंत्र स्पष्ट देवीच्या माशाचं नाव घेत होतं. आता देवीचाच खाल्ला की काय?

गंमत अशी की काकांनाही स्वतःच्या मोरीचाच संशय आला. ते तडक घरी आले. "आज काय केलं होतंस?"

"भोपळ्याची भाजी," काकू म्हणाल्या. "का? त्यात काय सापडलं?"

सकाळी उजाडताच अध्यक्ष रघुनाथ साळेकर चौकशीला हजर झाले. पद आलं की माणसाला चौकशीचा सोस लागतोच. त्याने मोरी पाहिली, केराची बादली पाहिली, झाकणं काढून भांडी हुंगली. काकू कमरेवर हात ठेवून बघत होत्या. काही सापडलं नाही तेव्हा तो म्हणाला, "काका, चला, पन्हळ कुठं उतरती ती दावा."

दोघं घरामागच्या उतारावरून खाली गेले. पाऊस जरा थांबला होता. ओढा नदीला मिळतो तिथे गोट्यांवरून पाणी पोटरीएवढं उथळ वाहत होतं, आणि त्या पाण्यात काहीतरी जड हललं. काकांनी रघुनाथचा दंड पकडला.

महसीर होते. एक नाही, पाच-सहा. पाठी पाण्याबाहेर काढून, एकमेकांना घासत, गोट्यांमधून धडपडत होते. मोठी मादी आडवी होऊन शेपटी मारी, की तिच्यामागे पाणी दुधाळ होई. सोनेरी खवल्यांवर सकाळचं पांढरं ऊन पडलं होतं. इतकी वर्षं भिंतीवर आपटून मागे जाणारे ते हेच, आणि ते इथे होते, घरामागे, हाताच्या अंतरावर.

टिपणीसकाका ओल्या दगडावर मटकन बसले आणि रडायला लागले. लपवलं नाही, चष्मा पुसला नाही.

रघुनाथने आधी वहाणा काढल्या, मग टोपी काढली. काय करावं हे न सुचून तोही शेजारी टेकला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "काका, ही पन्हळ दुसरीकडं वळवाया पायजे. साबनाचं पानी नगं हितं."

"आजच वळवतो."

"मी बी येतो. कुदळ हाय माजी."

पण दोघांपैकी कोणीच उठलं नाही. वरून काकूंनी दोनदा हाका मारल्या, मग त्या स्वतःच खाली आल्या आणि पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या. मग काकांच्या खांद्यावर हात टेकून त्याही दगडावर बसल्या. दुपारची कोंडजाईची आरती त्या दिवशी अध्यक्षांची वाट पाहून पाहून शेवटी पुजाऱ्याने एकट्यानेच उरकली.